यूट्यूबवरची भांडणं: विज्ञानाला साडेचार स्टार, राजकारणाला दोन

रेटिंग आधीच देऊन टाकतो, ज्यांना घाई आहे ते इथूनच सुटतील. यूट्यूबवर जे वाद रंगतात, म्हणजे एक जण व्हिडिओ टाकतो, दुसरा त्याला उत्तर म्हणून व्हिडिओ टाकतो आणि मग तिसरा येऊन दोघांचंही कसं चुकलं ते सांगतो, त्यातल्या विज्ञानाच्या वादांना माझ्याकडून पाचपैकी साडेचार. राजकारणाच्या वादांना दोन, आणि त्यातला दीड नुसता लांबलचक मुलाखतींचा. विज्ञान आणि राजकारण एकमेकांत घुसलं की जे होतं त्याला स्टार कसे द्यायचे तेच मला कळत नाही, त्याबद्दल खाली लिहितो कारण आपल्या मुंबईत हल्ली तोच प्रकार जास्त, आरे घ्या नाहीतर दादरचा कबुतरखाना घ्या.

हा अ‍ॅपचा रिव्ह्यू नाहीये हं. अ‍ॅप सगळ्यांच्या फोनमध्ये आहे, ते कसं चालतं ते सगळ्यांना माहितेय. वाद घालायला आपल्याकडे लोकलचा ग्रुप आहे, ऑफिसचं कँटीन आहे, सोसायटीची मीटिंग तर आहेच, मग वर अजून अनोळखी लोकांचे वाद बघण्यात वेळ घालवावा का आणि त्यासाठी महिन्याला पैसे भरावेत का, एवढाच माझा मुद्दा. आणि मी एकच गोष्ट तपासतो, वाद सुरू होताना जो प्रश्न होता तोच प्रश्न वाद संपताना आहे का. बाकी आवाज किती, अपमान किती, कोण कोणाला काय बोललं, त्याचं मला काही पडलेलं नाही, उलट थोडा मसाला असला की बघायला मजाच येते.

चांगल्या मालापासून सुरुवात करू. नोव्हेंबर २०२१ मध्ये व्हेरिटेसियम या विज्ञानाच्या चॅनलवर डेरेक मुलरने एक कोडं टाकलं. एक बॅटरी, एक स्विच, एक बल्ब. बल्ब बॅटरीपासून फक्त १ मीटरवर, पण त्यांना जोडणाऱ्या दोन तारा प्रत्येकी ३ लाख किलोमीटर लांब, म्हणजे दोन्ही बाजूंना चंद्राच्या जवळपास अर्ध्या वाटेपर्यंत जाऊन परत आलेल्या. स्विच दाबला तर बल्ब कधी लागेल? शाळेत जे शिकलोय त्याप्रमाणे आपण म्हणणार एक-दोन सेकंद लागतील, कारण प्रकाशालासुद्धा ३ लाख किलोमीटर जायला एक सेकंद लागतो. हा म्हणतो नाही, सेकंदाच्या तीन-चार अब्जाव्या भागांत लागेल, प्रकाशाला १ मीटर जायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात, म्हणजे साधारण ३.३ नॅनोसेकंद. का, तर ऊर्जा तारेच्या आतून वाहत नाही, तारेभोवतीच्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रातून जाते.

झालं. जगातले सगळे इलेक्ट्रिकल इंजिनियर एकदम उठून बसले. ऑस्ट्रेलियातला डेव्ह जोन्स म्हणून आहे, इलेक्ट्रॉनिक्सचाच चॅनल चालवतो, त्याने उत्तर दिलं. इलेक्ट्रोबूमवाला मेहदी, जो प्रत्येक व्हिडिओत स्वतःला शॉक लावून घेतो आणि शिव्या घालतो, त्याने दिलं. आणि सगळ्यात भारी काम केलं अल्फाफीनिक्स चॅनलवाल्याने, त्याने सरळ १ किलोमीटर वायर विकत आणली, मोकळ्यावर पसरली, ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेचा चढउतार पडद्यावर दाखवणारं यंत्र, लावला आणि मोजलं. निघालं काय, तर स्विच दाबल्यावर जवळजवळ लगेच थोडासा करंट पलीकडे दिसतो, आणि मग तारेतून पूर्ण फेरी मारायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या वेळाने बाकीचा करंट येतो. म्हणजे मुलरचं बरोबर होतं पण अर्धवट सांगितलं होतं, आणि इंजिनियरांचंही बरोबर होतं पण तो पहिला थोडासा करंट त्यातल्या बऱ्याच जणांच्या हिशोबातच नव्हता. मुलरने २०२२ मध्ये परत व्हिडिओ काढला, आपण पहिल्या वेळी कुठे कमी पडलो ते बोलला आणि प्रत्यक्ष तारा लावून मोजून दाखवलं. आता मला सांगा, टीव्हीवरच्या कुठल्या चर्चेत असं शेवटपर्यंत आलेलं बघितलंय तुम्ही?

यातली खरी गंमत आमच्या घरात झाली. माझा मामा बेस्टमधून रिटायर झालेला, बसवाला नाही, वीजवाला. आयुष्य केबल फॉल्ट शोधण्यात गेलं, परळ-लालबागच्या रस्त्याखाली कुठे काय पुरलंय ते त्याला तोंडपाठ. त्याला मी ती लिंक पाठवली तर रात्री फोन.

"अरे, हा काय बरळतोय? करंट वायरीतून जात नाही?"

"करंट वायरीतूनच जातो मामा, एनर्जी बाहेरून जाते असं म्हणतोय तो."

"बाहेरून जाते तर आम्ही जन्मभर रस्ते खणून तांबं नि अ‍ॅल्युमिनियम पुरलं ते कशाला? झक मारायला?"

मी काय बोलणार. मी कॉमर्सवाला. पण मामा सोडणारा माणूस नाही, त्याने उत्तराचे सगळे व्हिडिओ एक एक करून बघितले, इंग्रजी अर्धं कळतं पण सर्किट पूर्ण कळतं, आणि मग एका रविवारी मटण खाता खाता एकदम म्हणाला, "अरे थांब. फॉल्ट लोकेटरने आम्ही काय करायचो? केबलच्या एका टोकाने पल्स सोडायची. जिथे फॉल्ट तिथून ती आपटून परत येणार. किती मायक्रोसेकंदांनी आली त्यावरून किती मीटरवर खणायचं ते कळतं. बरोबर? पण मशीनमध्ये आधी केबलचा स्पीड भरावा लागतो. कागदाच्या इन्सुलेशनची जुनी केबल असेल तर वेगळा आकडा, एक्सएलपीईची, म्हणजे प्लास्टिकच्या इन्सुलेशनची, असेल तर वेगळा. आता तांबं आत तेच आहे ना? मग आतल्या धातूपेक्षा बाहेरच्या इन्सुलेशनने स्पीड का बदलतो?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "कारण जे काय पळतंय ते इन्सुलेशनमधून पळतंय. तार नुसती वाट दाखवते त्याला." मामीने विचारलं रस्सा वाढू का, ते त्याला ऐकूच गेलं नाही.

याला मी म्हणतो पैसे वसूल. तीस-पस्तीस वर्षं जो आकडा तो रोज मशीनमध्ये भरत होता त्याच्यामागचं कारण त्याला रिटायर झाल्यावर एका भांडणातून कळलं, शिकवण्यातून नाही हां, भांडणातून. सरळ धडा असता तर त्याने दोन मिनिटांत बंद केला असता. समोरचा चुकतोय आणि मी त्याला दाखवतो या खुमखुमीवर तो माणूस तास तास बसला.

दुसरं उदाहरण पटकन सांगतो. ब्लॅकबर्ड नावाची एक गाडी आहे, इंजिन नाही, वर मोठा पंखा, वारा ज्या दिशेला वाहतोय त्याच दिशेला ती वाऱ्यापेक्षा जास्त वेगाने जाते असा दावा. ऐकल्यावर पहिल्यांदा सगळे म्हणणार अशक्य. २०२१ मध्ये मुलर स्वतः ती चालवून आला तर कॅलिफोर्निया विद्यापीठातले, लॉस एंजेलिसचे, भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अलेक्झांडर कुसेंको म्हणाले हे होऊच शकत नाही, वारा मध्येच कमी-जास्त होतो त्याचा भास आहे. मग १०,००० डॉलरची पैज लागली, रीतसर कागदावर, आणि साक्षीदार कोण तर नील डीग्रास टायसन, बिल नाय, शॉन कॅरल, सगळी लोकांना विज्ञान सांगणारी नावाजलेली मंडळी. शेवटी प्राध्यापकांनी मान्य केलं आणि पैसे दिले. गंमत म्हणजे त्या गाडीने २०१० मध्येच वाऱ्याच्या २.८ पट वेग अधिकृत नोंदवला होता. युक्ती अशी की पंखा वाऱ्याने फिरत नाही, चाकं पंख्याला फिरवतात आणि पंखा हवा मागे ढकलतो. मला ही युक्ती अजून नीट झोपेत समजते आणि जागेपणी निसटते, पण तो वेगळा मुद्दा. मुद्दा हा की पैज लावताना काय सिद्ध झालं तर कोण हरलं हे आधी लिहून ठेवलं होतं. प्रश्नाला पळायला जागाच ठेवली नव्हती.

आता सेवेबद्दल जरा तक्रारीच्या सुरात. यूट्यूबवर पूर्वी व्हिडिओला व्हिडिओने उत्तर द्यायची अधिकृत सोय होती, व्हिडिओ रिस्पॉन्स म्हणायचे, मूळ व्हिडिओच्या खालीच तुमचा उत्तराचा व्हिडिओ जोडला जायचा. २००६ च्या आसपास सुरू झालं आणि सप्टेंबर २०१३ मध्ये बंद केलं. कारण दिलं की त्यावर कोणी क्लिकच करत नाही, दहा लाखांत चार जण. असेल बाबा. पण त्याच काळात उत्क्रांती खरी की नाही यावर अमेरिकन लोकांनी तिथे नुसता धुरळा उडवला होता, मालिकाच्या मालिका, खंडन-मंडन, कॉपीराइटच्या खोट्या तक्रारी टाकून एकमेकांचे व्हिडिओ पाडणं, सगळं. आज उत्तराचा व्हिडिओ शोधायचा तर तुमचं नशीब आणि अल्गोरिदमची मर्जी. एक व्हिडिओ दिसतो, त्याचं खंडन दिसेलच याची खात्री नाही, आणि माझ्या मते या जागेची हीच सगळ्यात मोठी कमी आहे.

दुसरी कमी म्हणजे डिसलाइकचा आकडा. नोव्हेंबर २०२१ पासून तो लपवला, बटण आहे पण किती जणांनी दाबलं ते फक्त व्हिडिओ टाकणाऱ्याला दिसतं. म्हणे झुंडीने डिसलाइक मारून छोट्या लोकांना त्रास देतात. ते होत असेलही, पण रोगावरच्या घरगुती उपायाचा व्हिडिओ बघताना बाकीच्यांना तो बोगस वाटला का एवढं तरी कळायचं, ते गेलं. यूट्यूबच्या संस्थापकांपैकी जावेद करीम, ज्याने २३ एप्रिल २००५ ला प्राणिसंग्रहालयातला तो पहिलावहिला व्हिडिओ टाकला, त्यानेही त्याच व्हिडिओखालचा मजकूर बदलून या निर्णयाला विरोध केला होता. घरच्याच माणसाचा आहेर.

उत्क्रांतीवरून आठवलं, ४ फेब्रुवारी २०१४ ला बिल नाय आणि केन हॅम यांचा केंटकीत जो वाद झाला तो तेव्हा यूट्यूबवर लाइव्ह होता, अडीच तासांच्या वर आहे आणि अजून बघण्यासारखा आहे. एक विज्ञान शिकवणारा, दुसरा बायबलमधली सृष्टीची कहाणी शब्दशः खरी मानणारा, आणि वादही दुसऱ्याच्या घरात, त्याच्याच संग्रहालयात. शेवटी प्रेक्षकांच्या प्रश्नांत एकाने विचारलं, तुमचं मत कशाने बदलेल? नाय म्हणाला पुरावा दाखवा. हॅमचं म्हणणं थोडक्यात असं की माझी श्रद्धा आहे, ती कोणी बदलू शकणार नाही. दोघंही प्रामाणिकपणे बोलले, म्हणून मला तो वाद आवडतो. निदान आपण कुठे उभे आहोत ते दोघांनी सांगितलं.

आपल्याकडे हा वाद आला तो जानेवारी २०१८ मध्ये. सत्यपाल सिंह, आपल्या मुंबईचेच माजी पोलिस आयुक्त, तेव्हा केंद्रात राज्यमंत्री, औरंगाबादला म्हणाले डार्विनचा सिद्धांत वैज्ञानिकदृष्ट्या चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कोणी बघितलं नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र पत्रक काढून सांगितलं की असं नाहीये. मग २०२३ मध्ये एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला तेव्हा १,८०० च्या वर शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी सह्यांचं पत्र दिलं. या दोन्ही वेळी यूट्यूबवर काय झालं? शेकड्याने व्हिडिओ आले पण बहुतेकांत उत्क्रांती दोन मिनिटं आणि सरकार वीस मिनिटं. डार्विन म्हणाला काय, आपण माकडापासून आलो असं विज्ञान म्हणतच नाही, माकड आणि माणूस यांचे पूर्वज एक होते असं म्हणतं, हे सांगायला कोणाला वेळ नव्हता. बाजूने बोलणारे पण तेच, विरोधात बोलणारे पण तेच.

त्याच्या आधीचं तर आपल्या दारातलं. जानेवारी २०१५, इंडियन सायन्स काँग्रेस, मुंबई विद्यापीठाचं कलिना कॅम्पस, आणि तिथे प्राचीन भारतीय विमानांवर निबंध वाचला गेला. त्यावर आजही मराठी व्हिडिओ येतात आणि प्रत्येकाखाली गिरगाव चौपाटीवर १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी मारुतसखा नावाचं विमान उडवलं होतं ही कमेंट ठरलेली. मी स्वतः गिरगावातला, मला हे खरं असतं तर किती आवडलं असतं सांगू. पण बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या लोकांनी १९७४ मध्येच वैमानिक शास्त्र हा प्राचीन विमानविद्येचा म्हणून सांगितला जाणारा ग्रंथ तपासून लिहून ठेवलंय की हा मजकूर १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यातली विमानं उडू शकत नाहीत. त्याच लेखात तळपद्यांचाही उल्लेख आहे, त्यांनी मॉडेल करायचा प्रयत्न केला पण उडवता आलं नाही म्हणून. एवढा मसाला असताना कोणीतरी मराठी पोराने त्या वर्णनाप्रमाणे थ्रीडी मॉडेल करून वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून दाखवायला नको? तारेवाल्या माणसाने १ किलोमीटर वायर आणली, आपण फक्त थंबनेलवर लाल बाण काढतो.

राजकारणाच्या लाइव्ह चर्चांबद्दल जास्त लिहीत नाही, तुम्ही बघताच. चार चौकटी, चार माणसं, पाचवा निवेदक आणि बाजूला चॅट धावतंय. चॅटमध्ये वाद होत नाही, नुसती हजेरी लागते. त्यात २०१७ पासून सुपर चॅट आलं, पैसे भरले की तुमची कमेंट रंगीत होऊन वर चिकटते, जास्त भरले की जास्त वेळ चिकटते, आणि निवेदकही तीच आधी वाचतो. म्हणजे प्रश्न चांगला असून उपयोग नाही, खिसा चांगला पाहिजे. अशाने ज्याने पैसे दिले त्याला नाराज कोण करणार, हळूहळू चॅनल त्याच्या प्रेक्षकांसारखाच बोलायला लागतो, डावीकडचा असो की उजवीकडचा.

तसं बघायला गेलं तर सुरुवात चांगली होती हो. २३ जुलै २००७ ला अमेरिकेत सीएनएन आणि यूट्यूबने मिळून डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षपदाच्या इच्छुकांची चर्चा ठेवली, प्रश्न सामान्य लोकांनी व्हिडिओने पाठवायचे. एकाने बर्फाचा बाहुला केला आणि त्या बाहुल्याने विचारलं, जागतिक तापमानवाढीचं काय करणार, माझ्या पोराचं पुढे कसं होणार? विज्ञान, राजकारण, चेष्टा, तिन्ही एका प्रश्नात. रिपब्लिकनांच्या मिट रोम्नी यांना ते आवडलं नाही, अध्यक्षपदाची पातळी बर्फाच्या बाहुल्याच्या प्रश्नांपेक्षा वर असली पाहिजे असं त्यांचं मत. मला विचाराल तर बाहुल्याचा प्रश्न नेमका होता आणि उत्तरं पातळ. आपल्याकडे महापालिकेच्या निवडणुकीत असं कोणी करेल का, एखाद्या मॅनहोलच्या झाकणाने उमेदवारांना प्रश्न विचारलाय असं, मी तर सुपर चॅटपण भरेन.

दीड स्टार ज्याला दिला तो प्रकार म्हणजे तासभराच्या मुलाखती. थिंक बँकसारख्या चॅनलवर माणसाला वाक्य पूर्ण करू देतात, तो अडखळला तर अडखळू देतात. त्यात वाद कमी असतो पण मतभेद कळतो. यासाठी मी रविवार देतो.

आता ते मिक्स प्रकरण. आरेचं आठवा, ऑक्टोबर २०१९, हायकोर्टाने याचिका फेटाळल्या आणि मेट्रोच्या कारशेडसाठी रात्रीत झाडं पडायला लागली, सुप्रीम कोर्टाने ७ ऑक्टोबरला थांबवेपर्यंत २,१४१ झाडं गेली होती. यूट्यूबवर तेव्हापासून हा वाद आहे आणि आता कफ परेडपर्यंत मेट्रो ३ सुरू झाल्यावरही कमेंटमध्ये तोच, की आता एसीत बसून जाताय ना मग गप्प बसा. पण यात प्रश्न किती होते बघा. आरे जंगल आहे का. झाडं लावून तेवढीच भरपाई होते का. मेट्रोने गाड्या कमी होऊन हवा किती सुधारेल. कांजूरमार्गला कारशेड जमलं असतं का. पहिला व्याख्येचा आणि कायद्याचा, मधले दोन मोजता येण्यासारखे, चौथा इंजिनियरिंगचा आणि जागेच्या मालकीचा. व्हिडिओत एकाला झाडांच्या भरपाईवर पकडलं की तो कांजूरवर उडी मारतो, कांजूरवर पकडलं की दुसरा विकासविरोधी म्हणतो, आणि अडीच तासांनी एकाही प्रश्नाचं उत्तर झालेलं नसतं. ईव्हीएमचं पण सेम, मशीन हॅक होऊ शकतं का, झालं का आणि मतदार यादीत घोळ आहे का हे तीन वेगळे प्रश्न एकाच थाळीत वाढतात, आणि २६ एप्रिल २०२४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात नेमकं काय मागितलं होतं नि काय नाकारलं ते वाचून आलेला माणूस त्यात विरळा.

कबुतरखाना तर ताजाच. जुलै-ऑगस्ट २०२५ मध्ये पालिकेने दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, दाणे टाकण्यावर हायकोर्टात प्रकरण, ६ ऑगस्टला लोकांनी ताडपत्री फाडली, मग त्याच्या उलट बाजूचं आंदोलन. मी रोज तिथून जातो त्यामुळे यूट्यूबवर जे काय आलं ते बहुतेक सगळं बघितलं. त्यात छातीरोगाच्या डॉक्टरांचे काही व्हिडिओ खरोखर उत्तम होते. कबुतराच्या विष्ठेतल्या आणि पिसांतल्या प्रथिनांची धूळ श्वासातून सतत आत गेली की काही लोकांची प्रतिकारशक्ती त्यावर जास्तच भडकते आणि फुप्फुसाला सूज येते, हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस, लवकर लक्षात आलं आणि संपर्क तुटला तर सुधारतं, वर्षानुवर्षं चाललं तर फुप्फुस कडक होऊन बसतं. सगळ्यांना होत नाही. एवढं नीट सांगितलं होतं. मग हाच डॉक्टर पॅनलवर आला की त्याला विचारणार, मग गाड्यांच्या धुराने होत नाही का? होतं की. मग तो बंद करता का? डॉक्टरला कुठे माहीत, तो काय पालिकेचा आयुक्त आहे? आजार होतो का हा प्रश्न डॉक्टरचा, त्यासाठी कबुतरखाना हलवायचा का, कुठे हलवायचा, भूतदयेचं काय, हा तुमचा आमचा सगळ्यांचा. पण पॅनलवर पहिल्या प्रश्नाचं उत्तर नको असेल तर दुसरा विचारतात आणि दुसरा अवघड गेला की परत पहिल्यावर, आणि चॅटमध्ये तोवर धर्म, भाषा, गुजराती-मराठी, सगळं येऊन गेलेलं असतं. याला स्टार द्यायचे तर डॉक्टरांच्या व्हिडिओला चार देईन आणि पॅनलला बाहेरच थांबवीन.

मराठीचं वेगळं सांगतो. राजकारणावर मराठीत पोट भरेल एवढा माल आहे. विज्ञानावर समजावणारे व्हिडिओ आहेत, पण एकाने समजावलं आणि दुसऱ्याने प्रयोग करून त्याला उलटवलं असा प्रकार मला मराठीत फारसा सापडत नाही. आणि हे आपल्याला जमत नाही असं नाहीये. जयंत नारळीकर आणि नरेंद्र दाभोलकर वगैरेंनी ज्योतिषाची जी चाचणी घेतली, २००९ मध्ये करंट सायन्स या विज्ञानाच्या नियतकालिकात आली, ती यूट्यूबसाठीच बनल्यासारखी आहे. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या, त्यातल्या चाळीस-चाळीस ज्योतिषांना द्यायच्या आणि त्यांनी सांगायचं कुठली कोणाची. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली, सरासरी ४६ टक्के बरोबर, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी तेवढंच. अटी आधी ठरलेल्या, प्रश्न एकच. असं काहीतरी करा रे कोणीतरी, कॅमेरा लावून. मामाला मी म्हटलं तू केबलवाला व्हिडिओ कर मराठीत, तर म्हणतो फॉल्ट लोकेटर काय घरात असतो का, आणि बेस्टवाले काय मला वापरायला देणार. तरी जुन्या मित्राला फोन लावून बसलाय.

पर्याय हवा असेल तर फुकटात आहे. टीआयएफआरचे, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे लोक जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये आणि माटुंग्याच्या रुपारेल कॉलेजमध्ये चाय अँड व्हाय नावाचा विज्ञानगप्पांचा कार्यक्रम घेतात, प्रश्न थेट शास्त्रज्ञाला विचारायचा, म्युट करायची सोय त्यालाही नाही. चुनाभट्टीला १९६६ साली स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद आहेच, तिथली व्याख्यानं ऐकून नंतर जे काका लोक उभे राहतात त्यांच्यापुढे यूट्यूबची कमेंट काहीच नाही.

प्रीमियमचं म्हणाल तर एकट्यासाठी महिना १४९ रुपये, ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवलं, आधी १२९ होतं. वादांसाठी घ्यायचं असेल तर एकाच कारणासाठी घ्या, स्क्रीन बंद करून ऐकता येतं, गर्दीच्या गाडीत फोन हातात धरायची गरज नाही. जाहिराती जातात पण व्हिडिओ बनवणारा स्वतःच मध्ये जी जाहिरात वाचतो ती जात नाही. बाकी दीडपट-दुप्पट स्पीड फुकटच आहे. वॉच हिस्टरी बंद केलीत तर होम पेज रिकामं होतं, मग जे हवं ते नाव टाकून शोधावं लागतं, मी तसंच ठेवलंय आणि उत्तराचे व्हिडिओ असेच शोधतो, मूळ व्हिडिओचं नाव आणि पुढे रिस्पॉन्स असं टाकून. लाइव्ह बघायचंच असेल तर चॅट मिटवून ठेवा, नाहीतर संपल्यावर दुसऱ्या दिवशी दीडपट स्पीडने बघा, निम्मं तर पुढे ढकलूनच होतं.